सापडत नाही, पण असतो

व्हायरल लोड ‘नॉट डिटेक्टेड’ आलेल्या रुग्णाच्या रक्तात एचआयव्ही मोजायचा, हे प्रयोगशाळेत माझ्या वाट्याला आलेलं पहिलं काम. विषाणू सापडत नाही असं रिपोर्टच सांगतोय, तर मी मोजायचं काय? मॅडम म्हणाल्या, “तो रिपोर्ट प्लाझ्माचा आहे. तू पेशींच्या आत बघ.”

गोळ्यांनी विषाणूची वाढ थांबते. पण काही सीडी४ पेशींच्या डीएनएमध्ये तो आधीच शिरून निपचित पडलेला असतो. उपचार चालू असतानाही हा साठा टिकतो, हे १९९७ साली तीन संशोधक गटांनी दाखवलं. गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात विषाणू काही आठवड्यांतच परततो.

या साठ्याचा भरवशाचा बायोमार्कर शोधू लागले, तर आकड्यांचा एकमेकांशी मेळच बसेना. साध्या पीसीआरला एचआयव्हीचा डीएनए भरपूर सापडतो, पण त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रती मोडक्या; त्यांतून नवा विषाणू तयार होत नाही. पेशी चेतवून विषाणू वाढवून बघावा, तर दहा लाखांत जेमतेम एखादी पेशी हाती लागते, कारण एकदा चेतवून सगळ्या जाग्या होत नाहीत. मग खरा आकडा कुठला?

२०१९ साली आलेली आयपीडीए चाचणी विषाणूच्या जनुकसंचातल्या दोन जागा एकदम तपासते. नमुन्याचे सुमारे २०,००० सूक्ष्म थेंब होतात. स्क्रीनवर राखाडी ठिपक्यांची दाटी, काही निळे, काही हिरवे आणि दोन्ही खुणा असलेले मोजकेच नारिंगी. बहुधा अखंड विषाणू असतो तो त्यांच्यात. पण ही चाचणी बेतली आहे ‘बी’ उपप्रकारावर, आणि भारतात आढळतो मुख्यतः ‘सी’. जनुकक्रम थोडा वेगळा असला तरी ती जागा ओळखणारा प्रोब चिकटेलच असं नाही. म्हणजे नारिंगी ठिपका दिसला नाही, तरी विषाणू नाही असं म्हणता येत नाही.

अमेरिकेतल्या मिसिसिपीत २०१० साली जन्मलेल्या बाळावर तिसाव्या तासापासून उपचार झाले होते. पुढे औषधं बंद पडूनही २७ महिने विषाणू दिसला नाही. सगळ्यांना आशा वाटली, पण २०१४ साली तो परतला. हे वाचल्यावर या मोजमापाची निकड मला कळली. साठा खरोखर घटला की नाही हे नीट मोजता आलं, तरच कुणाला औषध थांबवण्याची जोखीम पत्करायला सांगता येईल. त्यासाठी आपल्याकडच्या ‘सी’ उपप्रकारावर पारखून घेतलेली चाचणी हवी, आणि मला त्याच कामात राहायचं आहे. तोवर रिपोर्ट कितीही चांगला येवो, गोळी चुकवायची नाही.