सात वर्षं, एक चाकू आणि अपील

परवा गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक कात्रण फिरलं. कुठल्यातरी जिल्ह्यात जबरी चोरीच्या प्रयत्नात एकाला शिक्षा झाली आणि शिक्षा जास्त आहे म्हणून तो अपिलात गेला. खाली लगेच सुरू. "पैसे देऊन सुटते पाहा हा आता." "अशाचे हात तोडले पाह्यजे." ग्रुपवर लांब लिहिलेलं कोणी वाचत नाही, म्हणून इथं लिहितो.

शिरपूरच्या माणसाला अपील हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या पूजेचा वाद १९२९ साली पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन आला. १९८१ पासून बंद असलेलं दार २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर उघडलं. देवासाठी पिढ्यानपिढ्या वरच्या कोर्टाच्या पायऱ्या चढलेलं गाव आपलं. मग एखादा कैदी त्याच पायऱ्या चढला की ती पळवाट कशी होते?

पेपरवाले सरसकट "दरोडा" लिहितात. कायद्यात दरोड्याला किमान पाच माणसं लागतात. चार जणांनी दुकानदाराला धमकावून गल्ला मागितला आणि हाती काही लागलं नाही, तर तो जबरी चोरीचा प्रयत्न. जुनं कलम ३९३, आता भारतीय न्याय संहितेत ३०९(५). जास्तीत जास्त सात वर्षं. तिथं पाचवा उभा असला तर नुसता प्रयत्नही दरोडाच धरतात आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. एका माणसाच्या मोजणीनं एवढा फरक! म्हणून तो पाचवा खरंच सामील होता की नुसता मोटरसायकलजवळ थांबला होता, यावर वरच्या कोर्टात तासन् तास वाद होतो. तो वाद फालतू नाही.

दुसरी मेख चाकूची. हत्यार नसलेला प्रयत्न मालेगावसारख्या तालुक्याच्या कोर्टात चालू शकतो आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांवर शिक्षा देता येत नाही. पण जवळ प्राणघातक हत्यार होतं असं धरलं की कलम ३९८ (नव्या संहितेत ३१२) लागतं, खटला सत्र न्यायालयात जातो आणि शिक्षा सात वर्षांपेक्षा कमी देताच येत नाही. म्हणजे एकीकडे जास्तीत जास्त सात, दुसरीकडे कमीत कमी सात. पोरगं एकोणीसचं आहे, पहिलाच गुन्हा, एक रुपया गेला नाही, कोणाला खरचटलं नाही, हे सगळं न्यायाधीशाला दिसतं. पण त्याचे हात बांधलेले. हायकोर्टाचेही तेच. नुसतं "साहेब, दया करा" म्हणून तिथं भागत नाही. ते हत्यार प्राणघातक होतं का, ह्याच आरोपीकडे होतं का, हेच लढावं लागतं. जबरी चोरीत हत्यार वापरल्याचं जे कलम ३९७ आहे, त्याबद्दल सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये राम रतन खटल्यात सांगितलं की, ज्यानं हत्यार वापरलं त्यालाच ते लागेल, सोबतच्यांना नाही.

शिक्षा किती वेडीवाकडी वाढू शकते ते पुण्याच्या प्रकरणात दिसलं. एका तरुणावर चोरीचे ४१ खटले. त्यानं तुरुंगातूनच सगळ्यांत गुन्हा कबूल केला. प्रत्येकात सहा महिने ते तीन वर्षं. शिक्षा एकत्र भोगाव्यात असं कोणत्याही कोर्टानं लिहिलं नाही, आणि तसं लिहिलं नाही तर त्या एकामागून एक धरतात. बेरीज गेली नव्वद वर्षांच्या वर! खून करून जन्मठेप झालेलाही त्याच्या आधी बाहेर येईल. जुलै २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टानं त्या एकत्र भोगायला सांगून त्याला सोडलं. गुन्हा कबूल केला म्हणजे सगळे दरवाजे बंद, असं आपल्याकडं बरेच समजतात. तसं नाही. खालच्या कोर्टात कबुली दिली तरी शिक्षेचं प्रमाण आणि ती कायद्यात बसते का, एवढ्यावर अपील करता येतं.

दुकानदाराची बाजू मला कळत नाही असं नाही. सोयाबीनच्या पैशाच्या दिवसांत रात्री शटर ओढताना कोणी चाकू दाखवला तर तो माणूस पुढं कित्येक महिने दचकून झोपेल. त्याला "काही गेलं नाही ना" म्हणणं हा निर्दयपणाच. शिक्षा कमी वाटली तर ती वाढवून मागायला सरकारही अपील करू शकतं. होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र खटल्यात तेच झालं होतं. सत्र न्यायालयानं कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली, सरकार अपिलात गेलं आणि हायकोर्टानं तीन वर्षं केली. पुढं निकालाची प्रत तुरुंगात आपल्याला मिळालीच नाही, अशी त्या कैद्याची तक्रार होती. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याची याचिका फेटाळली, पण कैद्याला निकालाची प्रत फुकट द्यायची, त्याची सही घ्यायची आणि ऐपत नसेल तर अपिलाला वकील द्यायचा, हे ठरवून टाकलं.

ज्यांच्या घरी ही वेळ आली असेल त्यांच्यासाठी एवढं. न्यायदंडाधिकाऱ्यानं दिलेल्या शिक्षेवर अपील वाशीमच्या सत्र न्यायालयात, मुदत ३० दिवस. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात, मुदत ६० दिवस. प्रत मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. खटला चालू असताना आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, तो आकडा निकालात बरोबर आला का ते बघा. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. बकऱ्या विकण्याआधी, एकर अर्धा एकर गहाण टाकण्याआधी तिथं अर्ज द्या.