हेक्टर-आर की एकर-गुंठे?

मोहोळला तहसील कचेरीजवळ माझं टंकनाचं दुकान आहे. वारसांचे अर्ज, वंशावळ, वाटणीपत्राचा कच्चा मसुदा अशी कामं येतात. अलीकडे त्यात भाषा-मॉडेलची मदत घेतो. त्याला प्रश्न कसा विचारायचा, असं लोक विचारतात. मी म्हणतो, आधी कागद कोणत्या रूपात द्यायचा ते ठरवा.

सात-बाराच घ्या. क्षेत्र 1.20.00 असं छापलेलं असतं. म्हणजे 1 हेक्टर 20 आर, जवळपास तीन एकर. पण आपल्या बोलण्यात ‘एक वीस’ म्हणजे एक एकर वीस गुंठे, दीड एकर. आकडा तोच, जमीन निम्मी! नुसता आकडा दिला तर यंत्र यातलं काहीही धरतं आणि वर ठासून सांगतं. म्हणून मी प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहितो. पोटखराबा वेगळा, सीनेकाठची बागायत आणि माळाची जिरायतही वेगळी. एका गटाला एक ओळ. दिसायला रुक्ष, पण भावकीत भांडण लावत नाही.

मग उताऱ्याचा फोटोच का देऊ नये? द्यावा, पण एकटा नको. घडीवर आलेला १ की ९, हे मलाही कळत नाही. उलट नुसतं टंकलं तर कंस गळतात. जुन्या उताऱ्यावर नावाला कंस म्हणजे त्या माणसाचा हक्क संपलेला. कंस गळाला की वारलेले आजोबा पुन्हा खातेदार! (जुने तलाठी दोन रेघांत केवढं सांगून जायचे.) म्हणून टंकलेला मजकूर, सोबत फोटो, आणि कंसाचा अर्थ एका वाक्यात.

वंशावळ मात्र चित्रात मागू नये. चित्रात जोडाक्षरं मोडू शकतात. मी ती मजकुरातच घेतो, दर पिढी थोडी आत सरकवून. चौकटी नंतर माझ्या फाँटात काढतो.

उत्तराचं रूप वाचणाऱ्यावर ठरतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तक्ता गेला की उभ्या रेघांचा नुसता गुंता दिसतो. ठळक अक्षरांसाठी मॉडेल दोन चांदण्या टाकतं, व्हॉट्सअ‍ॅपला एकच लागते. फोनवर छोट्या ओळी, बैठकीत छापील तक्ता.

मॉडेलला माहिती देताना नावांऐवजी ‘थोरला’, ‘धाकटा’ लिहिलं तरी हिशेब होतो. आधार क्रमांक तर देऊच नका. आणि सही करण्याआधी क्षेत्राची बेरीज मूळ उताऱ्याशी स्वतः ताडून घ्या.