दगडधोंड्याच्या वाटेची मोटारसायकल

वाचकहो, माझी नोकरी विस्तार अधिकाऱ्याची. लोकांनी मला खत, बियाणे, कीड यांविषयी विचारावे, अशी रीत. पण अलीकडे पीक पाहून झाले की बांधावर हमखास वेगळाच प्रश्न येतो. "साहेब, ही तुमची उंच गाडी आमच्या वाटेला चालेल का? पोरगं मुंबईत घेतो म्हणतंय."

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत दीड लाखाच्या पुढे जाते. तेवढ्या पैशांत गोठ्यात चांगली दुभती म्हैस येते, आणि शिवाय गाडीवर पोटचे पोर बसायचे असते. म्हणून मला जे ठाऊक आहे ते सविस्तर लिहितो.

माझे काम पाटण तालुक्यातल्या डोंगरी वाड्यांचे. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या आणि माणसे गाडली गेली, ते तुम्ही विसरला नसाल. त्या पावसाळ्यात कितीतरी वाड्यांचे रस्ते वाहून गेले. भाताची खाचरे दगडगोट्यांनी भरली होती, आणि पंचनामा झाल्याशिवाय भरपाई नाही. जीप अर्ध्या वाटेवर थांबे. तिथून पुढे मी जाऊ शकलो तो याच गाडीमुळे. माझ्या दृष्टीने ती हौस नसून नांगर-कुळवासारखे अवजार आहे.

आता ही गाडी म्हणजे काय, ते पाहू. डांबरी आणि कच्ची अशा दोन्ही वाटांसाठी ती बांधलेली असते. आपल्याकडे हीरो कंपनीची इम्पल्स २०११ साली आली आणि काही वर्षांत बंद झाली. रॉयल एनफील्डची हिमालयन २०१६ साली आली, तर हीरोची एक्सपल्स २०० ही २०१९ साली. माझी गाडी एक्सपल्स. हिच्या प्रत्येक विचित्र दिसणाऱ्या भागाला कारण आहे. पुढचे चाक २१ इंची, कारण थोरले चाक खड्ड्यात कमी उतरते आणि धोंड्यावर सहज चढते. चाके तारांची, कारण तार थोडी लवचिक असते आणि आदळआपट सोसते. इंजिनाचा तळ जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच. गावात चालणाऱ्या शंभर सीसीच्या गाड्यांचा तो साधारण १६५ च्या आसपास असतो. पुढचे मडगार्ड चाकापासून वर उचललेले, कारण तांबडा चिकट चिखल मडगार्ड आणि चाक यांच्यात बसला की चाक जागीच जाम होते. सायलेन्सरचे तोंड वर, म्हणजे ओढ्यातून जाताना पाणी आत शिरत नाही.

असे असले, तरी सर्वांनी ही गाडी घ्यावी असे मी म्हणणार नाही. घरापर्यंत डांबर आणि शेत हाकेच्या अंतरावर असेल, तर शंभर सीसीची साधी गाडी शंभर पटींनी बरी. ती हलकी असते, पेट्रोल कमी पिते आणि तिचे सुटे भाग तालुक्याला मिळतात. उंच गाडीची बैठक ८२० मिलिमीटरच्या वर, वजन दीडशे किलोच्या पुढे. ठेंगण्या माणसाचे पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत, आणि बांधावर तोल गेला की गाडी अंगावर येते. हिमालयन तर त्याहूनही बरीच जड. म्हणून आधी बसून पाहावे. निदान दोन्ही चवडे जमिनीला घट्ट टेकले पाहिजेत. नाकापेक्षा मोती जड होता कामा नये.

माझी गाडी मी लालबागहून जुनी घेतली. तिथे आमचे चुलते, आबा, चाळीत राहतात. आपल्याकडच्या कितीतरी घरांप्रमाणे आमचाही एक पाय गिरणगावात. परळ, लालबाग, दादर भागातली तरुण पोरे डोंगर पाहायच्या हौसेने अशी गाडी घेतात. मग चाळीत ती उभी करायला जागा नसते, हप्ते जड होतात आणि वर्षा-दोन वर्षांत गाडी विकायला निघते. मुंबईची गाडी धावते कमी आणि उभी राहते जास्त. किलोमीटर कमी दिसतात खरे, पण तेवढ्यावर भुलू नये.

बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. तीच नजर इथे लावावी. गिरगावपासून लालबागपर्यंत सगळीकडे खारी हवा, त्यामुळे तारांची टोके, बैठकीखालची सांगाड्याची पट्टी आणि सायलेन्सरची पकड इथे गंज शोधावा. पान्याने एकेक तार हलकी वाजवावी. सगळ्या साधारण सारख्या 'टण्' बोलल्या पाहिजेत. एखादी बद्द बोलली तर ती सैल आहे. परळ-दादरमधल्या हिंदमाता चौकात पावसाळ्यात पाणी तुंबते, हे मुंबईत कोणीही सांगेल. अशा पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची तर इंजिनाचे तेल पाहावे. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे, परत फिरावे. मागच्या दातेरी चक्रावरची साखळी बोटांनी मागे ओढावी. दात अर्धा उघडा पडला तर साखळी संपली. पुढच्या दांड्यांवर तेलाचा ओघळ आहे का आणि इंजिनाच्या तळाला ठोके पडलेत का, तेही पाहावे. आणि हे सारे सकाळी, इंजिन गार असताना पाहावे. तापवून ठेवलेले इंजिन आपली खोड लपवते.

मग कागद. सातबाऱ्यावर बोजा आहे का ते पाहतो, तसा गाडीच्या नोंदणीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहावे. तो उतरल्याशिवाय पैसे मोजू नयेत. एमएच-०१ ची गाडी ताडदेवच्या परिवहन कार्यालयातली. ती कराड किंवा साताऱ्याच्या हद्दीत न्यायची तर ना हरकत दाखल्याची चौकशी तिथेच करावी. थकलेल्या दंडाच्या पावत्या विकणाऱ्याकडून भरून घ्याव्यात. मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या अर्जांवर समोर बसून सह्या घ्याव्यात. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरपाटी लागते. नवीच घेणार असाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला आहे, हेही ध्यानात असू द्या.

आता गाडीत करायच्या बदलांकडे वळू. पैसा वाया जातो तो इथे. गिरगावाला लागून ऑपेरा हाऊसच्या बाजूला मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तिथे गेले की डोळे दिपतात. रंगीत आरसे, चकाकणारे दिवे, कानठळ्या बसवणारे सायलेन्सर. लालबाग मसाल्यासाठी प्रसिद्ध आहे, पण चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला तिथेही कोणी सांगणार नाही. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ बांधणी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. सांगाडा, इंजिन, सायलेन्सर यांना हात लावू नये.

जपानच्या यामाहा कंपनीने १९७० च्या दशकापासून खास शेतीसाठी 'एजी' नावाच्या मोटारसायकली काढल्या. ही अक्षरे शेतीच्या इंग्रजी शब्दातलीच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे शेतकरी त्यांवरून गुरेमेंढ्या राखतात. त्यांत दिखाऊ काही नाही. साखळी पूर्ण झाकलेली, पुढे-मागे सामानाचे रॅक आणि दोन्ही अंगांना स्टँड, म्हणजे उतार कोणत्याही बाजूला असो, गाडी उभी राहते. कामाच्या माणसाने बदल करावेत ते या धर्तीचे.

मी केले ते एवढेच. पहिला खर्च टायरांवर. चिखल आणि डांबर दोन्हीवर चालतील असे मध्यम खाचांचे टायर घेतले. नुसत्या चिखलाचे टायर ओल्या डांबरावर घसरतात. दुसरा खर्च इंजिनाखाली जाड पत्र्याचे कवच. तिसरा, मुठींपुढे हाताचे संरक्षक, म्हणजे करवंदीच्या जाळीत बोटे सोलत नाहीत आणि पडल्यावर क्लचची दांडी मोडत नाही. चौथा, मागे मजबूत कॅरियर. पाचवा सर्वांत स्वस्त. लालबागच्या एका मिस्त्रीने स्टँडच्या टोकाला तळहाताएवढी लोखंडी पट्टी जोडून दिली. पूर्वी नांगरटीत स्टँड रुतून गाडी आडवी व्हायची, ते थांबले.

एक गोष्ट मात्र मी काढू दिली नाही. पुतण्या म्हणाला, "काका, ही साडीगार्डाची जाळी काढून टाकू, गाडी उठून दिसेल." वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दिसंल रे, पण मग आम्ही बायांनी कुठं बसायचं? पदर चाकात गेल्यावर गाडी कुणी बघायची?" वाचकहो, या एका वाक्यात सगळे आले. गावात रात्री-अपरात्री बाळंतिणीला, म्हाताऱ्या आईला याच गाडीवरून दवाखान्यात न्यावे लागते. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि चाकाला आडोसा असावा, असे नियमही सांगतात. घरातली बाई ज्या गाडीवर निर्धास्त बसू शकत नाही, ती गाडी शेतकऱ्याच्या घरची नव्हे.

राहिली निगा. आबा परळच्या एका गिरणीत तेलवाले होते. हातात तेलाची बुधली घेऊन दर पाळीला ठरलेल्या फेऱ्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ती बुधली हातातून गेली ती कायमची. पण ते अजून सांगतात, "यंत्र कुरकुरायला लागल्यावर तेल घालतो तो तेलवाला नव्हे. कुरकुर ऐकू येण्याआधी घालायचं." माझी सारी निगा या एका सूत्रावर चालते. गाडीच्या डिक्कीत पंचवीस पानांची वही आहे. दर पाचशे किलोमीटरला साखळी रॉकेलऐवजी डिझेलने हलकी पुसून तेल, आणि पावसाळ्यात दर चिखलफेरीनंतर. धुळीच्या दिवसांत दर पंधरवड्याला हवेची गाळणी उघडून पाहणे. महिन्याला तारा वाजवणे. पुस्तकात सांगितलेल्या वेळी इंजिनाचे तेल बदलणे, ते काळे दिसायची वाट न पाहता.

गाडी धुताना विहिरीच्या मोटारीचा फवारा चाकाच्या मध्यावर कधी मारू नये. तिथले ग्रीस निघून पाणी शिरते आणि बेअरिंग खाल्ले जाते. ओढ्यात गाडी बंद पडली तर तिथेच बटण दाबू नये. ढकलून बाहेर काढावी आणि हवेच्या गाळणीत पाणी गेले का ते आधी पाहावे. इंजिनात पाणी असताना सुरू केली तर आतला दांडा वाकतो. आता पेट्रोलमध्ये आपल्याच उसा-मक्याचे इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत असते. ते ओल धरते, म्हणून गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या वर्षातून एकदा पाहाव्यात.

मुंबईहून गाडी आणायची तर सणाच्या गर्दीत, रात्री आणू नये. जे. जे. उड्डाणपूल, पूर्व मुक्त मार्ग, सागरी किनारा मार्ग, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, या कशावरही दुचाकीला परवानगी नाही. पहाटे लालबागहून निघून सायन, पनवेल, खोपोली असे जुन्या महामार्गाने यावे. आमच्याकडे तीनशे किलोमीटरच्या आसपास होतात. दर तासाला उतरून पाठ सरळ करावी. शिरस्त्राण दोघांच्याही डोक्यावर हवे. रेल्वेच्या पार्सलने पाठवायची तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते.

तेव्हा पोराने गाडीचे नाव काढले की लगेच रागावू नका आणि लगेच होही म्हणू नका. त्याला घरात सगळ्यांपुढे बसवून चार गोष्टी विचारा. आपली वाट कसली? ओझे किती? मागे कोण बसणार? आणि निगेची वही कोण लिहिणार? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडे बहुधा तयार असतील. चौथ्याला तो "मी" म्हणाला, तर त्याच्या हातात वही द्या आणि मगच पैशांचे बोला.