सायकल, कॅमेरा आणि रोहित पक्षी

मुलांनो, तुमच्यापैकी किती जण सायकलने शाळेत जातात? मीसुद्धा जाते बरं का! राहते भिगवणला आणि माझी शाळा आहे सहा किलोमीटरवर, पाण्याकाठच्या एका वाडीत.

भिगवण म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरचं, इंदापूर तालुक्यातलं गाव. भीमा नदीवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं आणि पाणी मागे फुगत फुगत थेट आमच्याकडे आलं. काठाला हे पाणी पसरट, उथळ. त्यात शेवाळ, किडे, मासे. पाखरांना आयतं वाढलेलं ताटच! म्हणून हिवाळा लागला की लांबलांबचे पाहुणे इथे उतरतात. पट्टकादंब नावाचं बदक तर हिमालय ओलांडून येतं.

आता एवढी गंमत रोज वाटेत दिसते म्हटल्यावर मी धाकट्या भावाचा छोटा डिजिटल कॅमेरा मागून घेतला. पहिल्या दिवशी तो मागे कॅरिअरला बांधला. खडखडाट होऊन बिचारा पार हादरून गेला! तेव्हापासून जुन्या ओढणीत गुंडाळून, शबनम पिशवीत घालून तो खांद्यावरून तिरका अडकवते. उसाच्या ट्रॉल्यांची धूळ आत जाऊ नये म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी. आणि हो, सायकल चालवता चालवता फोटो कधीच नाही! रस्त्याच्या कडेला उतरायचं, स्टँड लावायचा. दम लागलेला असताना हात थरथरतात, म्हणून मिनिटभर नुसतं उभं राहायचं. मग सीटवर कोपर टेकवायचं, श्वास रोखायचा आणि बटण दाबायचं. सूर्य शक्यतो आपल्या पाठीमागे हवा.

ही झाली माझी हुशारी. आता माझी चूकही सांगते.

2024 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. पाणी बरंच ओसरलं होतं. शाळा सुटल्यावर घरी निघाले, तर वळणावरच्या बाभळीजवळ रोहित पक्ष्यांचा थवा! रोहित म्हणजे फ्लेमिंगो. काठीसारखे लांब पाय, वाकडी चोच. मान खाली घालून, चोच उलटी करून ते पाणी गाळतात आणि त्यातलं बारीक खाणं खातात. त्या खाण्यातूनच त्यांना गुलाबी रंग मिळतो.

पण पंख मिटलेले असले की तो रंग पुरता दिसतच नाही. मला हवा होता उडतानाचा फोटो. मी काय केलं असेल? दोन्ही हातांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या! सगळा थवा पाण्यावरून धावत सुटला आणि उडाला. केवढं गुलाबी! मी घाईघाईने बटण दाबलं. फोटोत आलं काय, तर नुसतं आभाळ.

मागून आवाज आला, "अवं बाई, ती पोटाला आल्यात. तुमच्या फोटूपायी जेवत्या ताटावरनं कशाला उठीवता?"

जाळं आवरत बसलेले तात्या होते, वाडीतले म्हातारे मच्छीमार. मला इतकी लाज वाटली! रोज वर्गात "कुणाला जेवताना उठवू नये" असं सांगणारी मीच ना?

दुसऱ्या दिवसापासून रोज त्याच बाभळीपाशी सायकल उभी करू लागले. पाच-दहा मिनिटं गप्प उभं राहायचं. पहिले काही दिवस थवा लांबच राहिला. कॅमेरा पिशवीतून निघतही नव्हता. पण वाट रोजचीच होती, घाई कसली? पंधरा-वीस दिवसांनी एका संध्याकाळी ते चरत चरत आपणहून पुढे आले. त्यांच्यात एक राखाडी पिल्लू होतं. हो, रोहितची पिल्लं गुलाबी नसतात! चोच पाण्यात घालून ते आपल्याच नादात होतं. मी एकच फोटो काढला.

तो फोटो आता आमच्या वर्गात लावलाय. तात्या नातवाला सोडायला आले तेव्हा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हां. हे कसं निवांत जेवतंय."

तुमच्या वाटेवर कदाचित रोहित नसतील. पण वडाची ढोली असेल, कुंभाराची भट्टी असेल, विजेच्या तारेवर बसणारा वेडा राघू असेल. घरातल्या मोठ्यांना विचारून कॅमेरा किंवा मोबाइल घ्या, एकच जागा निवडा आणि रोज तिथे थांबा. पहिल्या आठवड्यात मात्र एकही फोटो काढायचा नाही हं! नुसतं बघायचं. जमेल?