अब्बांची जावा आणि कळमन्याची सकाळ

फेब्रुवारीत शाळेला एक दिवस सुट्टी मिळाली. फजरची नमाज झाली तरी बाहेर अजून अंधारच होता. मुलाने जावा ढकलत ढकलत मोठ्या रस्त्यापर्यंत नेली. गल्लीतच किक मारली असती तर निम्मा मोमिनपुरा जागा झाला असता आणि बिचाऱ्या अब्बांना कबरीतही शिव्या खाव्या लागल्या असत्या.

अब्बा मरहूम कळमना बाजारातल्या एका अडत दुकानात मुनीम होते. ही गाडी 1970 सालची. त्यांनी ती दुसऱ्याकडून घेतली, मग जन्मभर तिसऱ्याला हात लावू दिला नाही. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. 1961 पासून म्हैसूरच्या कारखान्यात ती बनू लागली, पुढे तिचंच नाव येझदी झालं आणि 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. आमच्या लहानपणी नागपुरात दूधवाल्याकडे राजदूत असायची, फौजदाराकडे बुलेट. जावा मात्र हिशेबी माणसाची गाडी, असं अब्बांचं मत. (हिशेबी माणूस इतकं पेट्रोल पिणारी गाडी का ठेवेल, हा अम्मीचा सवाल शेवटपर्यंत कायम राहिला.)

तिची एक गंमत मुलांना सांगितली तर खरी वाटत नाही. किक आणि गिअर एकाच दांडीत! डाव्या पायाजवळची दांडी आत दाबून उभी केली की ती किक, गाडी सुरू झाल्यावर पुढे वळवली की तीच गिअर. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. अब्बा लिटरमागे साधारण 40 मिलिलिटर ऑइल घालत आणि त्यासाठी अम्मीचं खोकल्याच्या औषधाचं माप पळवत.

शांतीनगर ओलांडताना उजाडू लागलं. मी मागे बसले होते. या गाडीचा सीटखालचा धडधडता ठोका मला पाठ आहे. आठवीत असताना परीक्षेच्या दिवशी अब्बा मला आधी शाळेत सोडत आणि मग बाजारात जात. पोरीला मोटारसायकलवर बसवून शाळेत कशाला नेतोस, असं विचारणारे नातेवाईक होते. अब्बा त्यांना उत्तर देत नसत, किक मारत. त्या आवाजात पुढचं बोलणं ऐकूच येत नसे.

कळमना दिसायच्या आधी नाकाला कळतं. या दिवसांत मिरचीचा हंगाम भरात असतो. उघड्या आवारात लाल मिरचीचे ढीग, त्यांत बसून निवडणाऱ्या बाया, त्यांच्या नाकातोंडाला पदर गुंडाळलेला. आम्हाला शिंका सुरू झाल्या, मुलाने गाडी थांबवली आणि दोघं डोळे पुसत हसत बसलो. पलीकडे मृग बहराचा संत्रा उतरत होता. लिलावाचा गलका, हमालांची 'बाजू, बाजू', ट्रकचे हॉर्न, आणि त्यात आमची जावा निळा धूर सोडत उभी. तेवढ्यात पाठीवर पोतं घेतलेला एक म्हातारा हमाल वळला. गाडीकडे बघून म्हणाला, "मुनीमजींची ना हो ही? ते कुठं आहेत आता?" मी सांगितलं. त्याने पोतं खाली ठेवलं, हात जोडले, पुन्हा उचललं आणि गेला.

खरं तर आम्ही आलो होतो बाजाराच्या बाहेर बसणाऱ्या एका जुन्या मिस्त्रीचाचांकडे. माझा धाकटा भाऊ परदेशी असतो. फोनवर म्हणतो, "आपा, गिऱ्हाईक चांगलं आहे, लोखंड किती दिवस सांभाळशील?" गाडीच्या नोंदणीची मुदत याच महिन्यात संपतेय. ती दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. दुसरी वाट 2021 च्या केंद्रीय नियमांची. 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राहिलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून दहा वर्षांसाठी नोंदवता येते. ऐकायला मोठा मान वाटतो. पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला नाहीतर दुरुस्तीलाच बाहेर काढायची. रोजच्या कामाला नाही, म्हणजे कळमन्यालाही नाही.

चाचांनी पॉइंट उघडला, जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची घडी मधे सरकवून फट पाहिली, कार्ब्युरेटर साफ केला. म्हणाले, "बेटी, ही उभी राहिली की गंजते. आधी टाकी, मग सगळं." त्यांनी मजुरीही कमीच घेतली.

परतताना संत्र्याची पिशवी मांडीवर होती. घरी आल्यावर मुलगा चॅसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासत बसला, नेहमीच्या नोंदणीच्या अर्जाला जोडायला. सगळे आकडे उमटले, मधला एक काही केल्या उमटेना. तिथे गंज आहे. अम्मीने आतून रॉकेलचं फडकं आणून दिलं.