चिमीची नखं

दसऱ्यानंतर आमच्याकडे कापूस घरात येतो. हिंगणघाटच्या बाजारात भाव चढेल या आशेनं तो मागच्या खोलीत साठतो आणि सरकीच्या ओढीनं उंदीर येतात. त्यामुळे अल्लीपुरात शेतकऱ्याच्या घरी मांजर हवीच. चिमी अशीच कुठून तरी आली आणि राहिली. बाजेची दोरी, दाराची चौकट ओरबाडायची, तेव्हा कुणाचं लक्षही जायचं नाही. पण पोरीला पाहायला पाहुणे येणार म्हणून सोफा घेतला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या हातांचे धागे लोंबू लागले.

धाकट्यानं मोबाइलवर पाहून सांगितलं, अमेरिकेत मांजरीची नखं कायमची काढून टाकतात. आत्याबाई बाजेवरूनच कडाडल्या, "नखं काढल्यावर ते उंदराले काय जिभेनं धरन?" तरी विषय घरात घोळतच राहिला. शेवटी गाईला लस टोचायला आलेल्या पशुवैद्यकांनाच मी विचारलं.

त्यांनी आपल्या बोटाच्या शेवटच्या पेरावर अंगठा ठेवला. नख या हाडातूनच उगवतं. ते पुन्हा येऊ नये म्हणून अख्खं पेर छाटावं लागतं. पुढच्या दोन पंजांची दहा बोटं, म्हणजे दहा पेरं. मांजर बोटांवर चालते, तेव्हा हे दुखणं पावलापावलाला. नखं गेलेली मांजर स्वतःला वाचवायला चावू लागू शकते. इस्राएलनं २०११ साली आणि न्यूयॉर्क राज्यानं २०१९ साली यावर बंदी घातली. आपल्याकडेही १९६०च्या कायद्यात प्राण्याचा अवयव छिन्न करणं क्रौर्यात मोडतं. ऐकताना मी नकळत मूठ वळून घेतली होती. सोफ्यासाठी कुणाची बोटं कापायची, हे माझ्या घरात होणार नव्हतं.

मांजर खोडीनं ओरबाडत नाही, हेही त्यांनीच समजावलं. नखावरचं जुनं टरफल त्यानं गळतं, पंजातला वास त्या जागी लागतो, झोपून आखडलेलं अंग मोकळं होतं. मग मी चिमीवर नजर ठेवली. उठली की ती थेट सोफ्याकडे जायची, पुढचे पाय उंच टेकवायची आणि सगळा भार टाकून ताणायची. तिला उभं, उंच, न हलणारं काहीतरी हवं होतं.

शेतातला बाभळीचा ओंडका होता. सुतारानं तो जड फळीवर ठोकून दिला, कंबरेइतका उंच. मामंजींनी त्यावर अंबाडीचा दोर घट्ट गुंडाळला. वळलेला, खरखरीत, नख छान रुतेल असा. सगळ्यांचं म्हणणं, तो मागच्या पडवीत ठेवा. मी बैठकीतच, सोफ्याला लागून ठेवला. जिथं तिला ओरबाडायचंय तिथंच तो हवा, कोपऱ्यात टाकलेल्या खांबाकडे ती कशाला जाईल? सोफ्याच्या हातांवर गुळगुळीत रेक्झिन ताणून बांधलं, म्हणजे तिथं नख धरेना. आधी तिनं खांब नुसता हुंगला. पोरगी त्यावर सुतळी वरखाली नाचवू लागली, तेव्हा सुतळी पकडायच्या नादात नखं दोरात रुतली आणि तिला ती जागा पसंत पडली.

चप्पल फेकणं मात्र मी सगळ्यांना बंद करायला लावलं. मारानं मांजर आपल्याला भिते आणि आपण नसताना ओरबाडते, एवढंच.

दुपारी ती पेंगली की मी पंजा हलकेच दाबते, नख बाहेर येतं. आतला गुलाबी भाग रक्ताचा, तिथं कातरी न्यायची नाही; पुढचं पांढरं टोक तेवढं काढायचं. तेही जेमतेम. गावात कुत्री आहेत, तिला झाडावर चढता आलं पाहिजे.

पाहुणे यायच्या दिवशी खांब आत ठेवू का, असं धाकट्यानं विचारलं. पोरगी म्हणाली, राहू दे. पोहे खाता खाता मुलाच्या आईनं विचारलंच, हे काय आहे? पोरीनं सगळं सांगितलं, पेरापासून दोरापर्यंत. त्या बाईंनी बशी खाली ठेवली आणि उठून दोर हातानं चाचपून पाहिला. त्यांच्याकडची मांजर गाद्या फाडायची. जाताना मामंजींनी उरलेला अंबाडीचा दोर त्यांच्या पिशवीत घातला.