कात्रजच्या पाण्यामागोमाग पुण्यात

शहरात राहणाऱ्याला त्याच्याच शहराचा इतिहास दाखवणाऱ्या प्रवासाला लांबचा पल्ला लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. लागतो तो एखादा धागा, जो हाती धरला की रोजच्या रस्त्यावरच्या सुट्या सुट्या वस्तू एका ओळीत येतात. पुण्यात असा धागा पाण्याने पुरवला आहे. रविवारी सकाळी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर जमून कसबा, बुधवार, शुक्रवार अशा पेठांतून तास-दोन तास पायी हिंडवणाऱ्या ‘हेरिटेज वॉक’ना, म्हणजेच वारसा फेऱ्यांना, पुणेकर आता चांगले सरावले आहेत; त्यांतल्या काही फेऱ्या संस्थांच्या पुढाकाराने निघतात, काही हौशी अभ्यासक स्वतःच्या आवडीने काढतात आणि त्यांपैकी अनेक विनामूल्य किंवा अल्प शुल्काच्या असतात. या फेऱ्या बहुधा वाड्याकडून वाड्याकडे, म्हणजे सत्तेच्या एका घरातून दुसऱ्या घरात जातात. येथे वर्णिलेला मार्ग उलट्या टोकाने, शहराच्या दक्षिणेच्या डोंगरपायथ्यापासून निघतो आणि शनिवारवाड्यात संपतो; त्यातला लांबचा भाग पीएमपीएमएलच्या (जुन्या पुणेकरांच्या तोंडी अजूनही ‘पीएमटी’च्या) बसने आणि उरलेला पायी होतो.

कात्रजचा तलाव आज प्राणिसंग्रहालयाला लागून असलेले सहलीचे ठिकाण म्हणून ओळखला जातो, आणि तेथे येणाऱ्या बहुतेकांना समोरचे पाणी अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी मध्य पुण्यात प्यायले जात होते याची कल्पना नसते. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५०च्या सुमारास, डोंगरातून उतरणारे ओढ्याचे पाणी येथे बांध घालून अडवले गेले. वरच्या लहान तलावात गाळ खाली बसावा आणि निवळलेले पाणी खालच्या मोठ्या तलावात यावे, अशी दुहेरी रचना करण्यात आली. तेथून शहरापर्यंत जो ‘नळ’ नेला तो आजच्या अर्थाचा लोखंडी नळ नव्हे; दगड, वीट आणि चुना यांत बांधलेला, वरून झाकलेला तो भुयारी मार्ग होता आणि आत माणूस उतरून गाळ उपसू शकेल इतकी त्याची उंची होती. पाणी चढवायला मोट नको की रहाट नको, कारण कात्रज उंचावर आणि कसबा सखल भागात. आठ-नऊ किलोमीटरच्या अंतरात उतार मात्र असा सांभाळावा लागे की पाणी तुंबूही नये आणि वेगाने धावून बांधकामही खाऊ नये. आज ज्याला अभियांत्रिकी म्हणतात ती विद्या त्या काळी गवंडी आणि पाथरवट यांच्या हातात होती, आणि कात्रजच्या बांधावर उभे राहिल्यावर पहिली आठवण पेशव्यांची न होता या निनावी कारागिरांची व्हावी, हे अधिक रास्त आहे.

बस सातारा रस्त्याने बालाजीनगर, पद्मावती असे थांबे घेत स्वारगेटकडे निघते तेव्हा तो जुना नळही, ढोबळ मानाने पाहता, तीच दिशा धरून जमिनीखालून चाललेला असतो. त्याची वर दिसणारी खूण म्हणजे उच्छ्वास. नळावर ठरावीक अंतराने बांधलेल्या उभ्या दगडी विहिरीसारख्या धुराड्याला उच्छ्वास म्हणतात. नळात कोंडलेली हवा त्यातून बाहेर पडते, त्याच्या खोलगट तळाशी गाळ साचतो आणि सफाईसाठी माणसाला त्यातूनच खाली उतरता येते, म्हणजे एकाच बांधकामाकडून तीन कामे करून घेतलेली असतात. शहर वाढले तसे यांतले कित्येक उच्छ्वास इमारतींच्या पायाखाली गेले. जे उरले ते दुचाक्यांच्या रांगेत, कुंपणाच्या कोपऱ्यात, कधी वर शेंदूर लागलेल्या अवस्थेत तग धरून आहेत. शेंदराने त्यांचे रक्षण केले हे खरे, पण त्यांचा मूळ उद्योगही पुसून टाकला. देव म्हणून वाचलेली वस्तू पाण्याची आहे हे शेजारच्या दुकानदारालाही सांगावे लागते.

स्वारगेटला उतरताना २०१९ ची एक घटना विसरून चालत नाही. मेट्रोच्या कामासाठी येथे खोदाई सुरू असताना जमिनीखाली जुने भुयार लागले आणि शहरभर गुप्त वाटांच्या, खजिन्यांच्या आणि घोड्यावरून निसटणाऱ्या सरदारांच्या गप्पांना ऊत आला. अभ्यासकांनी मात्र ते पाणी वाहून नेणारे जुने बांधकाम असल्याचे सांगितले. पुणेकराला भुयार दिसले की पेशवा आठवतो, पाणी आठवत नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्याला पूर येऊन काठच्या वस्त्यांत माणसे दगावली आणि घरे वाहून गेली, तेव्हा हा ओढा एके काळी शहरातून वाहत होता आणि पेशवाईत त्याचा प्रवाह पर्वतीकडे वळवल्यामुळेच सदाशिव पेठेसारख्या पेठांना जागा मिळाली, हा दुर्लक्षित तपशील अचानक महत्त्वाचा ठरला. पेठ म्हणजे मुळात व्यापार-उदीम आणि वस्ती यांसाठी आखून, सवलती देऊन वसवलेला भाग. अशा पेठा वसवायच्या तर आधी ओढा हलवावा आणि मग पाणी आणावे लागले, हा क्रम नकाशावर पाहण्यापेक्षा पायांनी चालून चटकन कळतो.

येथून पुढे वाट दुभंगते. शिवाजी रस्त्याने सरळ उत्तरेला गेल्यास मंडई येते. परंतु पाण्याचा माग काढणाऱ्याने आधी पूर्वेला वळून गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या राहत्या वाड्यात जाणे आवश्यक आहे. कात्रजचे पाणी शहरात येऊन जिथे साठे त्या दगडी टाक्यांना हौद म्हणत, आणि काळा हौद, बदामी हौद अशी नावे आजही चौकांच्या रूपाने लोकांच्या पत्त्यांत टिकून आहेत. हे हौद सार्वजनिक होते असे फेऱ्यांमध्ये कौतुकाने सांगितले जाते. ‘सार्वजनिक’ या विशेषणाची सीमा कुठवर होती, हे सांगितले जातेच असे नाही. अस्पृश्य ठरवलेल्या जातींना या हौदांना हात लावण्याची मुभा नव्हती. पाणी डोंगरातून सर्वांच्या घरांखालून वाहत येई आणि वर आल्यावर मात्र त्याला जात चिकटे. नळ शहरात आल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८६८ साली, फुले यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. वाड्याच्या छोट्या आवारात उभे राहिल्यावर जाणवते ती जागेची साधी मापे: बसकी घरे, ओटा, विहीर, तुळशीवृंदावनाजवळची समाधी. कात्रजच्या बांधाची भव्यता येथे नाही, आणि तरीही पुण्याच्या पाण्याचा इतिहास लिहिताना या घरातला हौद वगळला तर उरलेले सारे बांधकामखात्याचे टिपण होईल. ज्या फेऱ्या शनिवारवाड्याभोवतीच फिरून परततात त्यांचे शुल्क कितीही कमी असले तरी त्या श्रोत्याला अर्धाच माल देतात, असे म्हणावेसे वाटते ते यामुळे.

गंज पेठेतून मंडईकडे येताना फुले पुन्हा भेटतात, आणि तेही गमतीशीर रीतीने. १८८६ साली बांधून झालेल्या आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हटल्या गेलेल्या या अष्टकोनी मनोऱ्याच्या इमारतीवर एवढा खर्च करण्यास नगरपालिकेचे सभासद असताना फुल्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा, ही त्यांची धारणा होती. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले. पुढे बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर, भिडेवाडा होता, जेथे १८४८ साली फुले दांपत्याची मुलींची शाळा भरली. जीर्ण झालेली ती वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आली. इथे मार्गदर्शकाला ‘दिसते’ सोडून ‘होते’ वापरावे लागते, आणि समोर दर्शनाची रांग लागलेली असताना नसलेल्या इमारतीबद्दल वीस माणसांना थांबवून ठेवणे हे वक्तृत्वाच्या कसोटीचे काम असते.

जवळच फरासखान्यापाशी बाहुलीच्या हौदाची जागा आहे. फुल्यांचे सहकारी आणि सत्यशोधक समाजाचे पुढारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहान मुलीच्या स्मरणार्थ १८८०च्या सुमारास तो बांधला आणि सर्व जातींना खुला ठेवला. मुलगी शिकते हे न रुचलेल्या नातलगांनी तिला काचा घातलेले खाद्य दिले आणि त्यात ती गेली, अशी हकीकत येथे सांगितली जाते. ऐकणारे स्तब्ध होतात, एखाद्या आजीबाई ‘अरेरे, लेकराला’ म्हणून हळहळतात, आणि फेरी पुढे सरकते. अल्प खर्चातल्या फेऱ्यांची खरी दुखरी जागा नेमकी येथे आहे. मार्गदर्शक बहुधा हौशी असतो, त्याच्या मानधनाची फारशी सोय नसते, आणि श्रोते टिकवायचे तर त्याला कथेचाच आधार घ्यावा लागतो; परंतु कथा सांगताना ती कशावरून सांगितली जाते, कागदावरून की ऐकीव परंपरेवरून, एवढे एक वाक्य जोडायला पैसा लागत नाही. जे मार्गदर्शक ते वाक्य जोडतात त्यांच्या फेऱ्यांना लोक पुन्हा येतात, कारण पुणेकराला शंका काढण्याची संधी मिळाली की त्याची सकाळ सार्थकी लागते.

शुल्काचा प्रश्नही येथेच बोलून घ्यावा. फेरीची वर्गणी एका मिसळीच्या किमतीच्या फार पलीकडे गेली की चार माणसांचे कुटुंब घरी राहते आणि फेरीत फक्त परगावचे पाहुणे व छायाचित्रकार उरतात. पूर्ण फुकट ठेवली तर नावे नोंदवणाऱ्यांतले निम्मे पहाटेच्या गजराला हरतात. नाममात्र वर्गणी हा म्हणून व्यवहारी तोडगा आहे. पण रविवारी सकाळी सातची वेळ कोणाला सोयीची, हा प्रश्न वर्गणीपेक्षाही कळीचा ठरतो. कचेरीत काम करणाऱ्यांना ती मानवते. मंडईतला गाळेवाला, घरकाम करणारी बाई, रविवारीच जास्त धंदा करणारा रिक्षावाला, म्हणजे पेठांत प्रत्यक्ष राहणारी वा राबणारी माणसे, तिच्यातून आपोआप गळतात आणि फेरीचे श्रोते होण्याऐवजी फेरीचे दृश्य होतात.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे अवघडलेपण उघड होते. आळी म्हणजे एकाच धंद्याच्या लोकांची गल्ली. तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी घडवणारी घरे आहेत. येथले मठारकाम, म्हणजे भांड्याच्या पृष्ठभागावर गोल तोंडाच्या हातोडीने शेजारी शेजारी ठोके देऊन धातूला बळकटी आणि चकाकी आणणे, पाहण्यासारखे आहे: कारागीर पाय दुमडून बसतो, लोखंडी खुंटावर बंब कलता धरतो, डाव्या हाताने तो केसभर फिरवतो आणि उजव्या हाताचा ठोका तेवढ्याच अंतरावर पडतो, म्हणून ओळीत कुठे फट राहत नाही. पंचवीस भ्रमणध्वनी उंचावलेले असताना तो मान वर करत नाही. जे संयोजक आधी जाऊन त्याला विचारतात आणि फेरीनंतर लोकांना दोन भांडी विकत घेण्याइतका वेळ ठेवतात त्यांचे येथे स्वागत होते. इतरांच्या वाट्याला हातोडीचा आवाज येतो, बोलणे येत नाही.

शनिवारवाड्यात पाण्याचा प्रवास संपतो. १७३० च्या जानेवारीत पाया घातलेला आणि १७३२ साली वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. आज तटबंदी, दरवाजे आणि आतली जोती एवढेच उरले आहे. गर्दी नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाची जागा विचारत फिरते आणि पौर्णिमेच्या रात्री त्यांच्या आरोळ्या ऐकू येतात या दंतकथेबद्दल मार्गदर्शकाला छेडते. कात्रजपासून पाण्यामागोमाग आलेल्याने मात्र हजारी कारंज्याकडे जावे. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे ते कुंड, त्याच्या काठची बारीक छिद्रे आणि पाणी वर उसळवायला लागणारा दाब हे सारे पाहिले की डोंगरातला बांध आणि दिवाणखान्यासमोरची मौज यांच्यातले नाते स्पष्ट होते: गल्लीतल्या बायका हौदावर घागरी बुडवत होत्या त्याच व्यवस्थेच्या शेवटच्या टोकाला ही शोभा होती. ब्रिटिश काळात खडकवासल्याचे धरण झाले, पुढे घरोघर नळ आले आणि हौद हळूहळू बिनकामाचे ठरले.

चालण्याचा भाग संपला तरी ऐकण्याचा राहतो, आणि तो पुण्यात आजचा नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला सामान्य श्रोत्याला विद्वानांसमोर बसवत आली; वि. का. राजवाडे आणि त्यांचे सहकारी यांनी १९१० साली स्थापलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने पाक्षिक सभांत नव्या कागदांचे वाचन करण्याची प्रथा पाडली. सदाशिव पेठेतल्या मंडळात मोडीचे वर्गही चालतात. मोडी म्हणजे लेखणी न उचलता भरभर लिहिता यावी अशी जोडअक्षरी लिपी, जिच्यात पेशवे दफ्तरातले कोट्यवधी कागद लिहिलेले आहेत. आपल्या गल्लीतला हौद नेमका कोणी बांधला, हे जाणून घेण्याची ज्याला ओढ लागते त्याला शेवटी येथेच बाकावर बसावे लागते. त्याच्यासमोर पहिल्यांदा जे कागद येतात ते बहुधा लढायांचे नसतात. ती रोजकीर्द, म्हणजे दररोजच्या जमाखर्चाची वही असते, आणि तिच्यात गवंड्याची मजुरी, चुन्याचे वजन आणि बैलांच्या वैरणीचा खर्च एकाखाली एक मांडलेला असतो.